उंबरठ्यावरचं ‘येते’

मघाशी आमच्या सुनेनं तुमच्यातल्या त्या ताईंच्या तोंडावर चिखलाचा हात ठेवला, त्याचा राग मानू नका. पूर ओसरल्यावर आमची नदी मोकळी करायला तुम्ही एवढ्या लांबून आलात, दिवसभर घमेली उचललीत, आणि निघताना ताई सवयीनं नदीला हात जोडून ‘येते हं’ म्हणायला गेल्या, तर हिनं तोंडच दाबलं. कुणालाही वाटेल, काय अडाणी माणसं आहेत. पण समोर तो आडवा काळा कातळ दिसतोय ना, त्याला आम्ही उंबरठा म्हणतो. त्या उंबरठ्यावर एकट्या माणसानं ‘येते’ म्हणायचं नसतं. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’च म्हणतो, तोंडात बसलेलंच आहे ते. गोजराच्याही तोंडात तेच बसलं होतं. बसा, चहा होईतो सांगतो.

ही गोजरा इथली नव्हे. तिची धाकटी बहीण पारू आमच्या घोडवण्यात दिलेली. पारूचं बाळंतपण आलं म्हणून गोजरा चार दिवसांसाठी आली होती. घरी लहान मुलगी सासूजवळ ठेवली होती. पोरगी पदर सोडेना, तेव्हा ‘येते गो बाय, लगेच येते’ असं सांगून निघाली होती. इकडे पारू सुखरूप मोकळी झाली, मुलगा झाला, आणि त्याच आठवड्यात ओवळी नदीला पूर आला. असा पूर आधी कुणी पाहिला नव्हता म्हणे. डोंगरातले धोंडे आणि उन्मळलेली झाडं वाहत आली आणि या उंबरठ्याशी येऊन अडकली. वाट बंद झाल्यावर पाणी गावाच्या दोन्ही अंगांनी फिरलं. मधे गाव, सगळीकडे गढूळ पाणी. कुणाला बाहेर पडता येईना, कुणाला आत येता येईना.

पाऊस थांबला तरी पाणी हलेना. गाव आपापल्या घरातला चिखल काढण्यात गुंतलं. ज्याचं त्याला झालं होतं, दोष कुणाला देणार? नदीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. गरज होती ती एकट्या गोजराला, कारण तिचं घर पलीकडे होतं. एका सकाळी तिनं कमरेला पदर खोचला, पाटी घेतली आणि उंबरठ्याशी जाऊन एकटीच गाळ उपसायला लागली. लोक म्हणाले, पाहुणी बाई वेडी झाली. ती पाट्या भरत राहिली. संध्याकाळी पाटी धुतली, नदीला हात जोडले आणि सवयीनं म्हणाली, “येते गो बाय.” आणि दुसऱ्या सकाळी खरंच आली. तिसऱ्याही. पाहुणीनं आपली नदी उपसावी आणि आपण दारात बसून बघावं, याची मग गावाला लाज वाटली. पहारी निघाल्या, दोर निघाले. कुणी कुणाला बोलावलं नाही, कुणी मजुरी विचारली नाही, सगळं गाव पाण्यात उतरलं. माणसं धोंडे ढकलीत, बाया हातोहात पाट्या देत. आणि रोज काम संपलं की सगळे मुकाट घरी जात. ‘येते’ म्हणे ती फक्त गोजरा.

अखेर उंबरठा मोकळा झाला. पाणी पात्रात गेलं आणि खालच्या अंगाला पायी ओलांडायची वाट उघडी पडली. गोजरानं गाठोडं बांधलं, बहिणीच्या बाळाला तीट लावली, काठावर येऊन नदीला म्हणाली, “येते गो बाय,” आणि पाण्यात पाय टाकला. मध्यावर गेली, तर वर स्वच्छ ऊन असताना पाणी चढायला लागलं. गुडघ्याला होतं ते छातीला आलं. ती मागं फिरली, तसं पाणी उतरलं. पुन्हा गेली, पुन्हा चढलं. बाकी गावातली माणसं गुरं घेऊन खुशाल पलीकडे जात होती. अडत होती ती एकटी गोजरा.

गुरवानं देवीला फुलं लावून कौल घेतला. कौल असा झाला म्हणे, की हिनं रोज नदीला शब्द दिलाय, नदीनं तो धरलाय. हिनं यायचं कबूल केलंय, तर हिला जाता येणार नाही. गोजरा म्हणाली, अहो, तो काय शब्द होता? निघताना सगळेच म्हणतात! गुरव म्हणाला, म्हणतात सगळे. तू रोज आलीस.

आता खरं सांगायचं तर गावाला याचं फार वाईट वाटलं नाही. ही इथं राहिली तर नदी पुन्हा कोपणार नाही, असं जो तो मनात धरून होता. तोंडानं सगळे हळहळत. कुणी लुगडं आणून दिलं, कुणी भाताची कणगी भरून दिली, पारूच्या दीरानं तर वेगळी खोपी बांधून दिली. गोजरा काय समजायचं ते समजली. हाल करणाऱ्याशी भांडता येतं. मायेनं अडकवणाऱ्याशी कसं भांडायचं? रोज सकाळी ती वाटेवर जाऊन पाण्यात पाय टाकी, पाणी चढलं की मागं येई. पुढं पुढं तिनं पाय टाकणंही सोडलं. नुसती उंबरठ्यावर बसून पलीकडे बघत राही.

एके दिवशी तिच्या नवऱ्यानं मुलीला पलीकडच्या काठावर आणलं. पोरगी आईला बघून नाचायलाच लागली. ओरडून म्हणाली, “आये, तू येते म्हणालीस ना?” गोजरानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तोच एक शब्द लेकीला द्यायचा होता, आणि त्याच शब्दानं तिला बांधून घातलं होतं. पोरीला वाटलं, आईला मी नकोशी झाले. ती बापाच्या मागं लपली आणि रडायला लागली.

हे पारूनं पाहिलं. तिनं कडेवरचं मूल सासूजवळ दिलं, नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली आणि पदर पसरून नदीला म्हणाली, “ती पाहुणी आहे. तिचं ‘येते’ माझ्या पदरात घाल. यापुढं मी येते.” काठावर सगळं गाव उभं होतं, पण कुणी तिच्या शेजारी उतरलं नाही. गोजरा नको नको म्हणत होती. पारूनं तिला हाताला धरून वाटेवर आणलं आणि म्हणाली, “बघत बसू नको, पोरगी रडतेय.” गोजरा गेली. पाणी तिच्या घोट्याच्या वर आलं नाही. मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही, असं सांगतात.

त्यानंतर पारू दर वर्षी पावसाळा सरला की पहिली पाटी उचले आणि शेवटची पाटी टाकून ‘येते’ म्हणे. घोडवण्याबाहेर तिचं पाऊल पडलं नाही. बाप वारला तेव्हा वाटेपर्यंत गेली, पाणी चढलं, परत आली आणि चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायला लागली. गोजराच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा गोजरानं वरात मुद्दाम पलीकडच्या काठानं नेली. पारूनं मावशी म्हणून इकडूनच अक्षता टाकल्या. त्या पाण्यात पडल्या आणि वाहून गेल्या.

पारू थकली, अंथरुणाला खिळली. अन्न सुटलं, पाणी सुटलं, पण प्राण जाईना. जीव कशात अडकलाय ते कुणाला विचारायची गरज नव्हती. तिचा मुलगा, ज्याच्या वेळच्या बाळंतपणाला गोजरा आली होती तोच, आता नातवंडांचा धनी झालेला, उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाक घातली. दर घरातलं माणूस आलं. ज्या काठावरून तेव्हा कुणी उतरलं नव्हतं, त्या काठावरून सगळे उतरले आणि हातात हात घालून म्हणाले, “आम्ही येतो.” एकाचा शब्द कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, नदीला कळू नये असं सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. माणसं घरी पोचेपर्यंत पारूनं डोळे मिटले होते. नदीनं मग कुणालाही अडवलं नाही.

आजही पावसाळा सरला की घोडवण्यात दर घरचं माणूस गाळ काढायला उतरतं. शेवटची पाटी टाकली की सगळे कातळावर उभे राहून एकदम ‘आम्ही येतो’ म्हणतात. एकटं कुणी म्हणायला लागलं, तर शेजारच्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. हात धुवायला थांबायचं नसतं. म्हणून तो चिखल, ताई. आता पूर यंदाही आला होता आणि पुन्हा येणार, तेव्हा यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, सक्ती नाही. पण म्हणायचंच असेल तर चला, अजून उजेड आहे. आमच्या सुनेचा हात धरून उभ्या राहा.