उघड्या माळावरची छत्री

नव्या वीजवाहिनीच्या जनसुनावणीला अख्खं गाव लोटलं, तेही ऐन वैशाखात, तानाक्काच्या चिंचेखाली! म्हातारीची मीठमिरची त्याच चिंचेवर चालायची, अन् नेमकी तीच तारेच्या वाटेत आली होती.

तानाक्का म्हणाली, "वीज हवीच, साहेब, पण चिंच सोडून तार न्या."

सुनावणी घेणाऱ्या बेलसरे साहेबांनी कागद आपटला. "आमच्या पाहणीत इथं एकही झाड नाही. उघडा माळ आहे. हरकत फेटाळली!"

तानाक्का लगबगीनं उठली आणि साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली.

"अहो आजी, एवढ्या गार सावलीत छत्री कशाला?"

"सावली? अन् उघड्या माळावर? कशाची हो, साहेब? तेवढं कागदावर लिहा, मग मिटते छत्री."

गाव हसून लोळलं. साहेबांनी त्या गारव्यातही घाम पुसत लिहिलं, 'चिंच एक, डेरेदार.' तार गेली पलीकडच्या खडकावरून!