मामाचा कडा

समोर बर्फाची जी तिरकी भिंत उभी आहे, तिला आमच्याकडे मामाचा कडा म्हणतात. तिला टेकू नका. पडायची नाही ती, पण गावाला आवडत नाही. आता आजूबाजूला नजर टाका. आमचं गाव ज्यावर वसलंय तो हा सगळा गोठलेला दर्या पाटासारखा सपाट आहे, कुठे टेंगूळ म्हणून सापडायचं नाही. मग इथेच एवढा मोठा तुकडा उभा कसा राहिला? पैलकाठचे लोक म्हणतात, वाऱ्याने. त्यांना त्या दिवसाची आठवण नको असते, म्हणून बिचाऱ्या वाऱ्याचं नाव सांगतात. तुमच्यात कोणी पैलकाठचं असेल तर त्यानेही निमूट ऐकून घ्यावं.

फार जुनी गोष्ट. सगुणा नावाची एक मुलगी आईबापांबरोबर कुठून तरी लांबून इथे राहायला आली. एकुलती एक, नातलग कोणी नाही. भाऊबीजेला बिनभावाच्या मुलीने चंद्राला ओवाळावं, अशी रीत आहे. पण आमच्याकडे त्या दिवसांत आभाळ इतकं भरलेलं असतं, की चंद्र दिसणं म्हणजे नशीबच. त्या संध्याकाळी सगुणा ताट घेऊन चंद्र शोधत निघाली आणि मासे धरायच्या उघड्या पाण्यापाशी आली, तर चंद्र तिच्यासमोरच होता म्हणे. पांढराशुभ्र, वाटोळा, हात लावावा इतका जवळ. बीजेला पुनवेएवढा चंद्र कसा, हे काही तिला सुचलं नाही. लहान होती, शिवाय थंडीने दात वाजत होते. तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग चंद्राने मोठा श्वास सोडला.

तो तिमिंगल होता, म्हणजे अवाढव्य देवमासा. या बर्फाखाली त्याचं राज्य. डोकं गावाच्या या टोकाला आलं, तरी शेपूट त्या टोकाला पोचायची असते. बिचारा श्वास घ्यायला वर आला होता, तर कोणीतरी कपाळाला कुंकू लावलं. त्या फवाऱ्याने निरांजन विझलं, पोरगी चिंब भिजली, आणि ताटात एक भलामोठा मासा येऊन पडला, असं सांगतात. तो फवाऱ्याबरोबर उडाला असेल, असं शहाणे लोक म्हणतात. म्हणू देत. भावाने ताटात ओवाळणी टाकली की नातं पक्कं होतं. सगुणाने घरी जाऊन सांगितलं, "आई, दादाने मासा दिला." आईने मासा शिजवला आणि फार चौकशी केली नाही.

त्यानंतर दर भाऊबीजेला ती ओवाळायला जायची आणि तो यायचा. पुढे ती गावातल्याच एका घरात सून म्हणून गेली, तिला हिवाई नावाची मुलगी झाली. हिवाई मोठी झाली आणि पैलकाठच्या मल्हू नावाच्या मुलावर तिचा जीव जडला. मुलगा खरंच चांगला होता. अडचण होती ती त्याच्या चुलत्याची. भिवाबा त्यांचं नाव. रीतीभातींना असे कडक, की शिंक आली तरी आधी कोणी शिंकायचं ते बघतील.

सुपारी फोडायच्या वेळी भिवाबांनी विचारलं, "मुलीला मांडवात आणणार कोण? मामा दिसत नाहीत."

गाव सगळं एका भावकीचं, हिवाईला काका हवे तेवढे, मामा एकही नाही. आणि मामाशिवाय मुलगी मांडवात आली, तर पैलकाठचे लोक वऱ्हाड घेऊन उलट्या पावली जाणार, हे ठरलेलं.

सगुणा म्हणाली, "आहेत की मामा. कामात असतात. मुहूर्ताला येतील."

पाहुणे गेल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, हे काय बोलून बसलीस?"

"खोटं काय बोलले?" म्हणत सगुणा अक्षता घेऊन पाण्याकडे गेली. "दादा, भाचीचं लग्न आहे. वेळेवर ये. आणि जरा जपून ये," एवढं बोलून तिने अक्षता पाण्यात सोडल्या. खाली काही हललं नाही. ती घरी आली आणि लग्नाच्या तयारीला लागली.

लग्नाच्या दिवशी हिवाई घराच्या अंगणात गौरीहरापुढे बसली. इकडे मांडवात अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मामाचा पत्ता नाही. भटजींनी येत होती तेवढी मंगलाष्टकं म्हटली, मग मुंजीतली म्हटली, शेवटी घसा बसला. भिवाबा उठले, शेला झटकला आणि म्हणाले, "विहीणबाई, कळलं आम्हाला. चला रे, गाड्या जुंपा." हिवाईने तिकडे हुंदका दिला.

तेवढ्यात बर्फ कडाडला. हिवाई बसली होती तेवढा तुकडा, गौरीहरासकट, अलगद वर उचलला गेला. खाली ते पांढरं कपाळ. बर्फ फोडत, वाट काढत तिमिंगल निघाला आणि त्याने भाचीला थेट अंतरपाटापुढे आणून ठेवलं. तिच्या पदराला थेंब लागला नाही, असं सांगतात. वरपक्षाची मात्र दैना झाली. निम्मे भिजले, निम्मे घसरले, आणि भिवाबा कढीच्या पातेल्यात जाऊन बसले. मल्हू तेवढा जागचा हलला नाही. आमच्या गावात त्याला अजून मान आहे तो त्याचसाठी.

सगुणा रडत होती आणि हसतही होती. "माझा भाऊ आला," एवढंच दिसेल त्याला सांगत होती.

भिवाबा कढी निथळत उठले. त्यांनी आपला शेला काढून त्या कपाळावर घातला. तिथे तो टिकलीएवढा दिसत होता. म्हणाले, "मामांचा मान आधी. पहिली पंगत मामांची." पहिली पंगत मामांची झाली आणि तीच शेवटचीही झाली, कारण अन्न उरलंच नाही. जाताना मामांनी हिवाईखालचा तुकडा बाजूला उभा करून ठेवला, तोच हा कडा.

पुढे सगुणा म्हातारी झाली. एका भाऊबीजेला तिला अंथरुणातून उठवेना. दादा वाट बघत असेल, म्हणून दिवसभर डोळे पुसत होती. संध्याकाळी घराची जमीन फुटली आणि माजघरात ते कपाळ वर आलं. बहीण येईना, म्हणून भाऊच तिच्या घरी आला होता. चूल बुडाली, मडकी तरंगायला लागली. सगुणा म्हणाली, "दादा, बहिणीकडे दारातून यायचं असतं रे." आणि पडल्या पडल्या तिने त्याला ओवाळलं.

तेव्हापासून गावाने त्याच्यासाठी दारच करून ठेवलं. आजही आमच्याकडे घर बांधताना माजघराच्या जमिनीत एक वाटोळं झाकण ठेवतात. भाऊबीजेला बायका ते उघडून खाली दिवा दाखवतात आणि वर्षभराचं सुखदुःख दादाला सांगतात. आमची ही जरा जास्तच वेळ सांगत बसते. आजही या गावात बायकोवर आवाज चढवण्याआधी नवरा एकदा पायाखाली बघून घेतो.