गोदाआईंनी पाय आत घेतले

"मग माझ्या नेमाचं काय, आई?"

शालनताईंनी विचारलं. हातातला नारळ तसाच राहिला होता. त्या नमस्काराला वाकल्या आणि मठाच्या गोदाआईंनी दोन्ही पाय चटकन लुगड्याखाली ओढून घेतले.

आजवर असं कधी झालं नव्हतं.

यजमान मोठ्या दुखण्यातून उठले, त्या वर्षी शालनताईंनी नेम धरला होता. कुठलाही निर्णय घ्यायचा तर आधी मठात यायचं, आईंच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्या म्हणतील तसंच करायचं. लेकीचं लग्न असंच ठरलं. नगरपालिकेच्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीचं अध्यक्षपदही त्यांनी आईंना विचारूनच घेतलं. नेम एकदाही मोडला नव्हता, आणि हे चारचौघांत सांगायला त्यांना आवडायचंही.

उद्या समितीची बैठक होती. तिच्यापुढे मठाचाच अर्ज येणार होता. अंगणातल्या जुन्या दीपमाळेला, तिच्या काळ्या दगडाला, उत्सवाआधी पिवळा ऑइल पेंट लावायचा होता.

"तुमची इच्छा तेवढी सांगा, आई. हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही."

"अर्जावर सही कुणाची आहे?"

"तुमचीच."

"मग आज मी तुझी कोण?"

"गुरू..."

गोदाआईंनी पाय आणखी आत घेतले.

अंगणात कुणीतरी पाचोळा झाडत होतं.

"गेल्या साली मुश्ताकभाई बागवानांनी त्यांच्या जुन्या दगडी कमानीला रंग लावायची परवानगी मागितली होती ना?"

"हो. नाही म्हटलं आम्ही. ऑइल पेंटनं दगडाचा श्वास कोंडतो. ओल आतच राहते आणि पापुद्रे सुटायला लागतात." शालनताईंना जरा हुरूप आला. "त्यांनी डाळिंबांची करंडी पाठवली होती घरी. दारातूनच परत केली मी. म्हटलं, निकाल लागेस्तोवर तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको."

"छान केलंस. आणि निकालाआधी त्यांच्या घरी जाऊन विचारलंस का, तुमची इच्छा काय म्हणून?"

"छे! असं कसं विचारणार?"

"नारळ नेला होतास?"

शालनताईंनी नारळ पदराखाली घेतला.

मुश्ताकभाई तेव्हा काही कुरकुरले नव्हते. "ठीक आहे, ताई. नियम सगळ्यांना सारखाच," एवढंच म्हणून त्यांनी सलाम केला होता. तो सलाम आता शालनताईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

"हो म्हटलं तर त्यांना तोंड दाखवता येणार नाही. नाही म्हटलं तर तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी काय करू, आई?"

"ठरव की. पण जरा लवकर ठरव गं, पायांना मुंग्या आल्यात माझ्या."

रडता रडता शालनताईंना हसू फुटलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. खिडकीतून दीपमाळ दिसत होती, तिच्याकडे त्या बराच वेळ बघत बसल्या.

"आई..."

"बोल."

"मी उद्या या अर्जापुरती खुर्ची सोडते. सगळ्यांसमोर सांगते, हा मठ माझा आहे, इथं माझ्या तोंडून सरळ निवाडा निघायचा नाही. आणि उठून बाहेर जाते. बाकीच्यांनी ठरवावं."

"बाहेर म्हणजे दाराशीच ना? आतल्यांना डोळ्यांनी खुणा करायला?"

"इश्श! बाहेर म्हणजे पार घरी."

"निकाल मठाच्या विरुद्ध गेला तर?"

"मुश्ताकभाईंनी ऐकलं. आपणही ऐकायचं."

"आणि तुझा नेम?"

"निर्णय मी घेणारच नाही, तर नेम मोडतो कुठे?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं. आज घरी जाऊन दोन घास नीट जेवता येणार होतं.

"हुश्श!" गोदाआईंनी पाय लांब केले. "आता कर नमस्कार. नारळ मात्र घरी ने हो. वड्या कर त्याच्या."

शालनताईंनी त्या गार, बधिर पायांवर डोकं ठेवलं. मग तिथंच बसून हलक्या हातानं ते चोळत राहिल्या.

निघताना त्या उंबऱ्यापाशी पोचल्या, तेवढ्यात मागून हाक आली.

"शालन..."

"काय, आई?"

"त्या खुर्चीवर बसलीस की कुणी ना कुणी वाकायला येईलच. माझं एवढं ऐक. तेव्हा तूही पाय आत घेत जा. मुंग्या येतात थोड्या... येऊ देत."