कुंपणावरच्या गप्पा

फार मागची गोष्ट. त्या सकाळी कोवळं ऊन होतं आणि खाडीवरून गार वारं येत होतं. चर्चच्या आवारातला हापूस कुंपणापलीकडच्या, देवळामागच्या रायवळ आंब्याला म्हणाला, "दादा, रोज बोलत जाऊ या की!"

रायवळ खुलला. आपल्या आंबट कैऱ्यांच्या, लोणच्याच्या गोष्टी सांगू लागला. हापूस मात्र प्रत्येक गोष्टीला म्हणे, "ते खरं, पण माझं कलम कधी बांधून घेतोस? माझ्यासारखा गोड होशील!"

कलम बांधायचं म्हणजे आधी चाकूने रायवळाचा शेंडा छाटायचा. रायवळाने आपल्या गोष्टी आवरत्या घेतल्या.

हापूसला काही करमेना. "रागावलास, दादा? मी गोड आहे, हे सांगूच नको का?"

रायवळ म्हणाला, "सांग की, बाबा! मला ऐकायला आवडतं. फक्त गप्पांना बसताना तो चाकू बाजूला ठेवत जा."