साळू आणि पाडसाच्या डोक्यातली गाठ

एका जंगलात, कवठाच्या झाडांना लागून असलेल्या बिळात, एक साळू राहत असे. खूप शिकलेली, पण तेवढीच धास्तावलेली. तिचं पिल्लू नुसतं शिंकलं तरी तिला वाटे, आता काही खरं नाही! वैद्यकीचं शिक्षण संपून सगळे तिला पंडिता म्हणायला लागले होते, तरी ती बिळाबाहेर बसून संशोधनच करत असे. तिच्या काट्यांतून एक लहर निघे. ती ना दिसे, ना ऐकू येई, पण जिथे पोचे तिथला ओलावा तापवी. साळू कवठाभोवती गोल काटे धरी, सगळ्या लहरी आत एकाच जागी भेटवी आणि मग कवठ फोडून बघे. एके दिवशी काय नवल! कवच गार, गर कच्चा, आणि मधोमध बोराएवढाच भाग मऊ शिजलेला! साळू इतकी नाचली की अंगावरचे काटे खळखळ वाजले.

"अगं पंडिताबाई," झाडावरून वानर ओरडला, "बरोबरीचे सगळे पोटापाण्याला लागले, आणि तू अजून कवठंच शिजवतेस? निदान चटणी तरी कर!"

खरं सांगायचं तर साळूलाही अधूनमधून तसंच वाटे. तेवढ्यात एक हरिणी पाडसाला घेऊन आली. पाडसाला सरळ चालताच येत नव्हतं. ते एकाच अंगाला वळे आणि झाडावर आपटे. "ताई, याच्या डोक्यात गाठ झालीय," हरिणी म्हणाली. "कळप पलीकडच्या रानात निघालाय. हे असंच राहिलं तर आम्ही दोघं मागे पडू. आणि मागे पडलेल्यांना वाघ सोडतो का?"

"अहो, पण मी कवठापलीकडे कशाला हात लावलेला नाही!" साळू घाबरून म्हणाली.

"मग याचं डोकं कवठच समजा, पण काहीतरी करा!"

साळूने अगदी तसंच समजून केलं, आणि तिथेच ती चुकली. कवठाला पुरे तेवढाच वेळ तिने लहर सोडली. पाडस उठलं, दोन पावलं चाललं आणि पुन्हा झाडावर आपटलं. वानर खो खो हसला. हरिणी पाडसाला सावरून निघायच्या तयारीला लागली, आणि साळूला त्याचंच जास्त लागलं. लहरीचा जोर वाढवावा का? छे, लेकराचं डोकं आहे ते! मान खाली घालून ती आपल्या पिल्लाला ओढ्यावर घेऊन गेली.

पिल्लू पाण्यात उतरणार, तोच सवयीप्रमाणे तिने आधी स्वतःचा पंजा बुडवला. वाहतं पाणी बर्फासारखं गार! शेजारच्या डबक्यात पंजा घातला, तर अंघोळीला काढल्यासारखं कोमट. ऊन तर दोन्हीकडे सारखंच! साळू जागच्या जागी थबकली. मग पिल्लाला पाठीशी घेऊन अशी धावत सुटली की वाटेतले ससे बाजूला झाले.

"हरिणीताई, जाऊ नका! अहो, कवठात रक्त वाहतं का? नाही ना! याच्या डोक्यात ते ओढ्यासारखं वाहतंय आणि माझी ऊब वाहून नेतंय. पण गाठीत रक्त रेंगाळतं. ती म्हणजे डबकं! जोर नको, मंद आच हवी. पुष्कळ वेळ. गाठ तापेल, बाकीचं डोकं गार राहील!"

"ठरलं तर मग," हरिणी म्हणाली आणि पाडसाला कुशीत घेऊन बसली.

रोज सकाळी साळू काटे धरी, हरिणी पाडसाची पाठ चाटत राही. साळू दर थोड्या वेळाने विचारी, "चटका नाही ना बसत, बाळा?" हळूहळू गाठ विरली. कळप निघाला त्या दिवशी हरिणीने लांबून साद घातली, आणि पाडस दोन झाडांच्या मधून सरळ, बाणासारखं सरळ, सुसाट धावलं. ते बघून दोन्ही आया एकदमच ओरडल्या, "अरे, हळू!"

तात्पर्य : एका जागी साधलेली युक्ती दुसऱ्या जागी डोळे मिटून वापरू नये, आणि ती फसलीच, तर सोडून देण्याआधी का फसली ते शोधावं, कारण पुढची वाट तिथेच सापडते.