भिवराचे विसावे

फार वर्षांपूर्वी, नांदखेडीच्या माळावर गाडीवाटसुद्धा पडली नव्हती तेव्हा, त्या गावात भिवरा नावाची एक सुईण होती. गावातला प्रत्येक माणूस पहिल्यांदा रडला तो तिच्याच हातांत, असं म्हणतात. पाटीलसुद्धा. म्हणून सगळ्या गावापुढे मिशीला पीळ देणारे पाटील तिच्यासमोर मात्र हात खाली ठेवत.

भिवराला सुख कसलं ते माहीत नव्हतं. जेवायला बसावं, तर कोणीतरी दारात यायचं, "भिवरामावशी, चला लवकर!" की ही ताटावरून उठली. तिच्या शिंक्यात कायम अर्धी भाकरी असायची. पाठ टेकली की हाक यायची. दमायची बिचारी, फार दमायची. पण दमले असं म्हणायची सोय नव्हती. येणाऱ्या बाळाला उद्या ये म्हटलं तर ते ऐकतं का?

तिच्या मदतीला होती एक उंटकटारी. तुम्ही म्हणाल, ते काट्याचं झुडूप? तेच. माळावर जिकडे बघावं तिकडे तीच. पानापानाला काटे, आणि डोक्यावर निळसर फुलांचा गोल चेंडू, त्यालाही काटे. खुरपणाऱ्या बाया तिला शिव्या घालत. गुरं तिला तोंड लावत नसत. पण एखादी बाई अडली, की भिवरा तिच्या केसांत उंटकटारीची मुळी बांधायची आणि बाई मोकळी व्हायची. मूल आलं रे आलं की मुळी सोडायची, क्षणभरही ठेवायची नाही. त्या मुळीला बोलावणं तेवढं कळतं, थांबणं कळत नाही, असं म्हणतात.

मुळी आणायचीही रीत होती. आदल्या दिवशी सांजेला झुडपापुढे हळद लावलेले चार तांदूळ ठेवायचे आणि आवतण द्यायचं, "बाई, उद्या माझ्या घरी ये. एकटीच ये." सकाळी उठून कोणाशी न बोलता मुळी काढायची आणि न बोलताच घरी आणायची. 'एकटीच ये' हे शब्द विसरू नकोस, असं भिवराच्या आईनं तिला मरताना बजावलं होतं.

एका हिवाळ्यात एका सरदाराची बायको पालखीतून त्या माळावरून चालली होती. तिनं पडदा सारला, उन्हात ते निळे चेंडू बघितले आणि पालखी थांबवली. "अगंबाई, काय नवलाचं झाड हे! आमच्या बागेत हवंच." गावाला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण थोड्याच दिवसांत रिकाम्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. नांदखेडी पोट धरधरून हसली. ज्या काट्यांनी गावाचे पाय सोलले, ते न्यायला सरदाराच्या गाड्या! याला म्हणतात दृष्ट लागण्यासारखं नशीब.

पण उपटायचं कोणी? हात लावील त्याचे हात फाटणार. तेव्हा पाटलांनी डोकं चालवलं. भिवरा एका झुडपाला बोलावते तशी रीत आपण सगळ्या माळाला करू, म्हणाले. टोपलीभर तांदूळ हळदीत घोळवले, माळावर उधळले आणि सगळं गाव ओरडलं, "समद्याजणी या!"

भिवरा तेव्हा एका बाळंतिणीपाशी दोन दिवस बसून नुकतीच परतत होती. ती म्हणाली, "पाटील, असं समद्यांना बोलवू नका. आवतणानं गेलेली मागं येत न्हाई."

"मावशी, तुमीच सांगा, काट्याचा कैवार कुणी घेतं का? गावाचे पाय सुटतील."

भांडायला तिच्या अंगात जीव नव्हता. ती तिथल्याच एका धोंड्यावर टेकली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

सकाळी गावानं झुडपांना हात लावला, तर ती मातीतून आपली आपण सुटून आली. एकाच्याही बोटाला काटा टोचला नाही, असं म्हणतात. गाड्या भरल्या, गेल्या आणि माळ बोडका झाला. पोरं अनवाणी पळू लागली, आणि गाव पाटलांवर खूश झालं.

पुढच्या पावसात माळावर गवत उगवलं, उंटकटारी उगवली नाही. त्याच्या पुढच्या पावसातही नाही. बाया अडू लागल्या. भिवराच्या हातात आजवर कोणी दगावलं नव्हतं, ते आता दगावू लागलं. ती रात्रंदिवस बसून राही, आणि घरी आली की तिला जेवण जात नसे. अशातच तिची एकुलती एक लेक, ठकू, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. भिवरानं तिच्या पोटावर हात फिरवला. बाळ आडवं होतं. ती लगेच उठली. शेजारणीला म्हणाली, "हिच्यापाशी बस," आणि सरदाराच्या गावाची वाट धरली.

बागेत उंटकटारीला दगडी कट्टा बांधलेला होता. तिला रोज पाणी, वर उन्हासाठी मांडव. लांबून लांबून शहाणीसुरती माणसं यायची आणि वाकून बघून "वा!" म्हणायची. ते बघून भिवराला हसू आलं, आणि मग रडू आलं. ती माळ्याला म्हणाली, "दादा, माझी लेक अडणार हाय. एक मुळी दे."

माळी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं. म्हणाला, "आये, हितलं पान तुटलं तर माझा हात तुटंल."

भिवरानं कनवटीचे हळदीचे तांदूळ काढून कट्ट्यावर ठेवले. "बायांनो, चूक आमची हाय. समद्या नका येऊ. जिला वाटंल तिनं या. एकटीनंच या." पान हललं नाही. ती कट्ट्याला टेकली आणि तिचा डोळा लागला. तेवढ्यात वरचा एक वाळका चेंडू फुटून तिच्या लुगड्यावर सांडला. बाग बंद करताना माळ्यानं तिला हलवलं, तेव्हा पदर झटकायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

रिकाम्या हातानं ती परत निघाली. चालवेना झालं की बसायची, ठकू आठवली की "आई गं" म्हणून उठायची. जिथं बसली तिथं लुगड्यावरचं एखादं काटेरी बी मातीत पडायचं, पण मागं वळून बघायला तिला सवड कुठली?

नांदखेडीचा माळ आला आणि तिचे पाय थांबले. ती खाली बसली. गावातून बाया धावत आल्या. "मावशी, उठा! ठकू अडलीया!"

"मुळी न्हाई मिळाली गं," भिवरा म्हणाली. "लेकीला काय तोंड दावू? मला जरा बसू द्या."

'बसू द्या' असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली, असं म्हणतात. आणि आजवर तिला ताटावरून उठवणाऱ्या त्या बायांनी पहिल्यांदाच तिला उठवलं नाही. डोक्यावर ऊन होतं. तिच्यावर सावली पडेल अशा त्या भोवती उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भिवराच्या पाठीला काटा टोचला. तिनं वळून बघितलं. मागं उंटकटारी उभी होती, निळ्या चेंडूसकट, भरात आलेली. सगळ्या माळावर एकटीच.

आवतण दिलेलंच होतं. भिवरानं एक शब्द न बोलता मुळी काढली, न बोलता घर गाठलं आणि लेकीच्या केसांत बांधली. बाळ वळलं आणि आलं. मुलगी झाली. भिवरानं झटकन मुळी सोडली, नात पुसून ठकूच्या कुशीत दिली आणि म्हणाली, "आता मला कुणी उठवू नका." ती तिथंच भिंतीकडे तोंड करून झोपली, ती पुन्हा उठली नाही. पण भिवरा मेली असं नांदखेडीत कोणी म्हणत नाही. झोपलीय, असंच म्हणतात.

आता तिथं पक्का रस्ता झालाय. बाया दवाखान्यात जातात, तेच बरं आहे. मुळी कोणी बांधत नाही. पण रस्त्याकडेला थोड्या थोड्या अंतरावर उंटकटारीची बेटं दिसतात, त्यांना भिवराचे विसावे म्हणतात. खुरपताना प्रत्येक बांधावर एक झुडूप राखतात. शहरातली माणसं गाडी थांबवतात, हे कोणतं झाड, किती सुंदर, म्हणतात आणि कुंडीत लावायला मागतात. गाव नाही म्हणत नाही. एकच न्या, म्हणतं.

आणि अजून एक. त्या गावात डोक्यावर भारा घेतलेली बाई वाटेत बसली, तर तिला कोणी ऊठ म्हणत नाही. सासूसुद्धा नाही. येणारेजाणारे आवाज खाली आणतात आणि "भिवरा बसलीय," म्हणतात. मग तिच्यावर सावली पडेल असे उभे राहतात, ती आपली आपण उठेपर्यंत.