आतून लावायची कडी

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. सातवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

समुद्राकाठच्या एका नगरात दूरदेशाहून काही कुटुंबं पोटासाठी आली होती. त्यांची भाषा नगरात कुणाला कळत नसे. त्यांच्यातली एक म्हातारी मात्र तिथे चाळीस वर्षं मक्याच्या भाकरी विकत होती. तिला दोन्ही भाषा येत.

एके दिवशी ती वैद्यबाईंकडे भाकरी द्यायला गेली. तिथे तिच्याच लोकांतली ओदिलिया सुजलेलं मनगट धरून बसली होती. शेजारी नवरा; त्याला नगराची भाषा कामापुरती येत होती. बाईचं दुखणं नवऱ्यानेच सांगायचं, अशी त्या दवाखान्याची रीत होती.

"विचार तिला, हाताला काय झालं?" वैद्यबाई म्हणाल्या.

नवरा आपल्या भाषेत बायकोला म्हणाला, "तोंड उघडलंस तर तुला समुद्रापार धाडतील. पोरगी माझ्याकडे राहील." मग वैद्यबाईंकडे वळून गोड हसला. "पडली म्हणते."

म्हातारीने सगळं ऐकलं. मागच्या खेपेलाही ऐकलं होतं, आणि ती गप्प राहिली होती.

नवरा तिला हळूच म्हणाला, "आजी, आपल्यातलं आपल्यातच राहू दे. नाहीतर उद्यापासून तुझ्या भाकरी कोण घेतं बघू."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. "वैद्यबाई, ती काहीच बोलली नाही. बोलला तो हाच. याला बाहेर काढा, मग तिला विचारा."

"म्हातारे, तुझी अक्कल भाकरीसारखी चपटी झालीय!"

"चपटी असेल बाबा. करपली नाही अजून."

वैद्यबाईंनी त्याला बाहेर घालवलं. ओदिलिया आधी नुसती रडली. मग तिने विचारलं, "मला खरंच परत धाडतील?"

म्हातारीने वैद्यबाईंना विचारून सांगितलं, "नाही. या नगरात मार खाल्लेल्या बाईला हाकलत नाहीत. तुला काय हवंय, ते सांग."

आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "लेक हवी. आणि दाराला आतून कडी हवी."

बायकांनी जाऊन लेकीला आणलं. म्हातारीने आपली मागची खोली दिली, सुताराने कडी लावली. नगराच्या पंचांनी नवऱ्याला त्या गल्लीत पाय ठेवायला बंदी केली. त्याच्या मित्रांनी भाकरी घेणं बंद केलं, पण त्यांच्याच बायका मागच्या दाराने येऊन दुप्पट नेऊ लागल्या. दवाखान्याची रीतही बदलली. पुढे ओदिलिया नगराची भाषा शिकली आणि नव्याने आलेल्या बायकांचं म्हणणं वैद्यबाईंना सांगू लागली.

तात्पर्य: जिचं दुखणं, तिलाच विचारावं; आणि आपल्याला खरं ठाऊक असेल तर आपल्या लोकांच्या अब्रूपायी गप्प बसू नये.

लिहिताना मला सारख्या शेजारच्या अनसूयाकाकू आठवत होत्या. मी सहा वर्षांचा असताना त्यांनी मला आणि आईला घरात घेऊन आतून कडी लावली होती. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी दार उघडलं तेव्हा कडी खुळखुळली. मग परत जाऊन हातोडी आणली आणि त्यांची ती जुनी, सैल झालेली कडी पक्की ठोकून दिली.